आभाळाचा इशारा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, असा आपला रिवाज आहे. मी पाहुणा नाही आणि शिक्षणाचे महत्त्व आपल्याला माहीत आहे, म्हणूनच आपली मुले इथे बसली आहेत. मी भूगोलाचा मास्तर. मला ढगांविषयी बोलायचे आहे. ढगांवर काय बोलायचे, असा प्रश्न मागच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर मला इथूनही दिसतो आहे. तेव्हा आधी ढग बाजूला ठेवतो आणि आपल्या शेजारच्या गावाची एक गोष्ट सांगतो.

अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यात पारस नावाचे गाव आहे. तिथल्या वीजनिर्मिती केंद्रामुळे ते नाव आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. 9 एप्रिल 2023, रविवार. आपल्याकडे रमजानचे दिवस चालू होते. त्या दिवशी पारसच्या बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी वारा सुटला, पाऊस आला आणि लोक टिनाच्या शेडखाली थांबले. शेडलगत कडुलिंबाचे जुने, मोठे झाड होते. ते मुळासकट शेडवर कोसळले. सात माणसे दगावली, अनेक जखमी झाली.

ती माणसे काही चुकीचे वागली का? पाऊस आला की छपराखाली जायचे, हे आपण चालायला लागल्यापासून शिकलेलो आहोत. तुम्ही तिथे असता तर तेच केले असते. मीही तेच केले असते. पाऊस आल्यावर माणूस जवळ असेल तो आसरा धरतो आणि आपल्या वऱ्हाडात जवळचा आसरा म्हणजे बहुतेक वेळा झाड, नाही तर टिन. म्हणून मला असे वाटते, की आसरा निवडण्याची वेळ पाऊस आल्यानंतरची नसते. ती त्याच्या अर्धा तास आधीची असते. तो अर्धा तास आपल्याला मिळू शकतो. आभाळ तो देते आणि सरकारी हवामान खातेही देते. दोघांची भाषा मात्र समजली पाहिजे.

भाषेवरून आठवले. हवामानाची ही भाषा आपल्याला परकी नाही. मराठी शेतकरी ज्यांना खरीप आणि रब्बी म्हणतो ते दोन्ही शब्द अरबी आहेत. खरीप म्हणजे शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. ‘मोसमी वारे’ यातला मोसम अरबी, आणि त्याच मौसिम शब्दावरून इंग्रजांचा मान्सून झाला. अरब खलाशी या वाऱ्यांच्या भरवशावर शिडे लावून आपल्या किनाऱ्याला येत आणि वारे उलटले की परत जात. हवा अरबी, तुफान अरबी, अंदाज फारसी. आणि ज्या शब्दासाठी आज मी उभा आहे तो ‘इशारा’सुद्धा अरबीच. हे शब्द वापरताना धुऱ्यावरच्या कुणालाही ते कुठून आले हे विचारावेसे वाटत नाही, इतके ते मराठीचे झाले आहेत. असो. शब्दांवर बोलत बसलो तर ढग निघून जातील.

ढग म्हणजे काय? पाण्याची वाफ, असे उत्तर दर वर्षी निम्मा वर्ग देतो आणि दर वर्षी ते चूक असते. वाफ डोळ्यांना दिसत नाही. या सभागृहातही ती आहे, पण दिसते आहे का कुणाला? ढग दिसतो, कारण वाफेचे पुन्हा पाणी झालेले असते. ते अगदी बारीक थेंब असतात किंवा फार उंचावर बर्फाचे कण असतात. आपल्यापैकी जे पावसाळ्यात चिखलदऱ्याला गेले असतील ते ढगाच्या पोटातून चालून आलेले आहेत. गाविलगडाच्या वाटेवर दहा पावलांपुढचा माणूस दिसेनासा होतो, भुवयांवर पाणी साचते, कपडे ओलसर होतात. खाली परतवाड्याहून पाहणाऱ्याला तोच डोंगरावर टेकलेला ढग दिसतो. वर असलेल्याला ते धुके वाटते.

हवा वर चढली की पसरते आणि पसरली की थंड होते. सायकलच्या चाकातली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरा, गार लागेल. तेच इथे घडते. कोरडी हवा एक किलोमीटर वर चढली की सुमारे 10 अंशांनी थंड होते. थंड हवेत वाफ कमी मावते. एका ठरावीक तापमानाला ती मावेनाशी होते, त्याला दवबिंदू म्हणतात. तिथे धुळीच्या, धुराच्या, समुद्री मिठाच्या सूक्ष्म कणांवर वाफ बसते आणि थेंब तयार होतो. जमिनीवरचे तापमान आणि दवबिंदू यांच्यात जितक्या अंशांचे अंतर, त्याला 125 ने गुणा. साधारण तितक्या मीटर उंचीवर ढगाचा तळ असतो. विद्यार्थी मित्रांनो, हे गणित लिहून घ्या. थोड्या वेळाने त्याचा उपयोग आहे.

आता ढगांची नावे. 1802 सालच्या डिसेंबरात लंडनमध्ये एका छोट्या मंडळापुढे ल्यूक हॉवर्ड नावाच्या तिशीतल्या गृहस्थाने भाषण दिले. व्यवसायाने तो औषधे बनवणारा होता. पंथाने क्वेकर होता, आणि त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी क्वेकर मुलांना घेता येत नसे. एका अल्पसंख्य समाजातला, विद्यापीठाची पायरी न चढलेला हा माणूस लहानपणापासून आकाश पाहत आला होता. ढग क्षणाक्षणाला बदलतात, त्यांना नावे काय द्यायची, असे तोपर्यंत बहुतेकांना वाटे. हॉवर्डने सांगितले की ढग असंख्य दिसले तरी त्यांच्या मूळ तऱ्हा मोजक्याच आहेत. केसांच्या बटांसारखा तो सिरस, ढिगासारखा तो क्युम्युलस, थरासारखा तो स्ट्रॅटस, आणि पाऊस देणारा तो निम्बस. जगभरचे हवामानशास्त्रज्ञ आज जे दहा प्रकार मानतात ते याच चार शब्दांच्या जोडण्यांतून आलेले आहेत. तुम्ही आठवीत जी यादी घोकता आणि परीक्षेनंतर विसरता ती हीच.

त्या दहांपैकी बहुतेकांकडून आपल्या जिवाला धोका नाही. उंचावरचे सिरस पांढऱ्या पिसांसारखे दिसतात, ते बर्फाचे असतात. चंद्राभोवती खळे पडते ते सिरोस्ट्रॅटसमुळे. मधल्या थरातले अल्टोक्युम्युलस म्हणजे आभाळात पिंजलेल्या कापसाचे पेळू मांडून ठेवावेत तसे; वऱ्हाडच्या माणसाला यापेक्षा चांगली उपमा सुचणार नाही. पावसाळ्यात दोन-दोन दिवस सूर्य दिसू न देणारा करडा, पसरट ढग तो निम्बोस्ट्रॅटस. त्याची झड लागते, भिंती ओलावतात, कवेलूंतून पाणी ठिबकते, पण तो फारशी गर्जना करीत नाही.

या यादीतला शेवटचा ढग मात्र वेगळा आहे. क्युम्युलोनिम्बस. मराठीत त्याला गर्जनमेघ म्हणू. वीज, गारा, वादळी वारा आणि ढगफुटीसारखा पाऊस या चारही गोष्टी हाच ढग देतो. पारसला जे घडले ते अशाच वादळात. बाकीचे नऊ विसरलात तरी चालेल, पण हा विसरू नका.

तो जन्मतो कसा ते पाहा. एप्रिलच्या दुपारी वावर तापते. काळी जमीन, पीक निघालेले, सावलीचे नाव नाही. जमिनीलगतची हवा तापून बुडबुड्यासारखी वर निघते. एरवी ती थोडी वर जाऊन थांबते. फार तर एखादा पांढरा पुंजका दिसतो आणि विरून जातो. पण काही दिवस असे येतात, की बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून खालच्या थरात दमट वारे आलेले असतात आणि त्याच वेळी वर, पाच-सहा किलोमीटरवर, वायव्येकडून थंड कोरडी हवा सरकलेली असते. खाली गरम आणि ओली, वर थंड. मग वर चढलेला बुडबुडा थांबत नाही. त्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते आणि इथेच खरी गंमत आहे. एक ग्रॅम पाणी आटवायला सुमारे 600 कॅलरी उष्णता लागते. वाफेचे पुन्हा पाणी होते तेव्हा तीच उष्णता बाहेर पडते. चुलीवरच्या भांड्याने जे घेतले ते ढगाच्या पोटात परत मिळते. त्यामुळे चढणारी हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा गरमच राहते आणि आणखी वर चढते. ढग आपलेच सरपण आपण जाळीत वाढतो म्हणा ना.

पांढऱ्या पुंजक्याचा असा डोंगर व्हायला कधी कधी अर्धा-पाऊण तास पुरतो. एव्हरेस्ट पावणेनऊ किलोमीटर उंच आहे. हा ढग बारा, पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. तिथे एक असा थर येतो की जिथून पुढे हवा थंड होत नाही. तिथे ढगाला जणू छत लागते आणि तो आडवा पसरतो. लोहाराची ऐरण पाहिली आहे ना? वर चपटी, एका बाजूला पुढे आलेली. ढगाच्या माथ्याला ती ऐरण दिसली की समजावे, ढग पुरा वाढलेला आहे. फुलकोबीसारखा कडक कडांचा माथा असेल तोवर तो वाढतो आहे. माथा चपटा आणि तंतूसारखा झाला की तो तयार झाला आहे. दुरून हे फार स्वच्छ दिसते. ढग डोक्यावर आल्यावर माथा दिसत नाही, फक्त काळोख दिसतो. म्हणून लांब असतानाच पाहायचे.

आता मघाचे गणित काढा. एप्रिलमधली एखादी दुपार, तापमान 41 अंश, दवबिंदू 13. फरक 28, गुणिले 125, म्हणजे ढगाचा तळ साडेतीन किलोमीटर उंच. जुलैतला दिवस घ्या, तापमान 29, दवबिंदू 24. फरक 5. ढगाचा तळ सहाशे-सव्वासहाशे मीटरवर. या दोन आकड्यांत आपल्या अवकाळी वादळाचे रहस्य आहे. एप्रिलमध्ये ढगातून निघालेल्या थेंबाला जमिनीपर्यंत साडेतीन किलोमीटर तापलेल्या, कोरड्या हवेतून यावे लागते. वाटेत त्यातले पुष्कळ पाणी आटते. माठातले पाणी जसे पाझरून आटताना गार होते, तशी ती हवा एकाएकी थंड होते. थंड हवा जड. ती दगडासारखी खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. पावसाच्या आधी जो गार वारा येतो, ज्याने धूळ उठते, कुटाराच्या गंजी उडतात, टिने सुटतात आणि झाडे उन्मळतात, तो वारा हाच. पाऊस चार थेंब, आणि वारा मात्र घरे उघडी करणारा, असे उन्हाळ्यात का होते याचे उत्तर हे आहे. दुपारभर उकडल्यानंतर तो गार झुळका आला की आपण म्हणतो, बरे वाटले. त्या झुळकेचा अर्थ असा, की ढग कोसळायला लागला आहे आणि आपल्या हातात आता फार तर काही मिनिटे उरली आहेत.

गारांचेही तसेच. एप्रिलमध्ये आपल्यावरच्या हवेत साडेचार-पाच किलोमीटरनंतर गोठणबिंदू येतो. त्यावरचे थेंब शून्याखाली जाऊनही काही काळ पाणीच राहतात आणि बर्फाच्या कणाला चिकटले की गोठतात. वर चढणारा वारा जितका जोरदार, तितका वेळ गार ढगात तरंगत राहते आणि तितकी मोठी होते. मोठी गार मधोमध कापा, कांद्यासारखे पदर दिसतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ गारपीट होत राहिली. गहू, हरभरा, कांदा, फळबागा गेल्या. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागाईतदाराला विचारा. आंबिया बहाराची बोराएवढी फळे झाडावर असतात आणि दहा मिनिटांत वर्षाची कमाई मातीत पडते.

आणि वीज. ढगाच्या आत बर्फाचे हलके कण आणि मऊ गारांचे जड कण एकमेकांवर आपटतात. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड कण ऋण भार घेऊन खाली राहतात. खालच्या ऋण भारामुळे जमिनीवर धन भार गोळा होतो आणि हवेला तो ताण सोसवेना की वीज पडते. तिच्या वाटेवरची हवा क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागाच्या चार-पाच पट तापते आणि फुटते. तो फुटण्याचा आवाज म्हणजे गडगडाट. कुरआनमधल्या तेराव्या सूरहचे नावच अर्-रअद, म्हणजे गडगडाट. कुरआन हे काही हवामानशास्त्राचे पुस्तक नव्हे आणि ओढूनताणून त्यातून शास्त्र काढणाऱ्यांपैकी मी नाही. पण ढगांकडे, विजेकडे, पावसाकडे पाहा आणि विचार करा असे त्यात वारंवार सांगितले आहे, आणि आपण पाहत नाही, ही आपली चूक.

2022 या एका वर्षात आपल्या देशात वीज पडून 2,887 माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे. नैसर्गिक आपत्तींतल्या एकूण मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून हे अधिक. पुराची छायाचित्रे वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतात. वीज एकेकाला, दोघादोघांना, वावरात नेते आणि आतल्या पानावर दोन ओळी येतात.

आता इशाऱ्यांकडे वळू. भारतीय हवामान खाते 1875 पासून आहे. विदर्भाचे काम त्याच्या नागपूरच्या प्रादेशिक केंद्रातून चालते. तिथे रडार आहे, ते ढगातल्या पाण्यावर लहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींवरून ढग कुठे आहे, किती दाट आहे, कुठे सरकतो आहे ते दाखवते. इशारा चार रंगांत येतो. हिरवा म्हणजे काही करण्याचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता कृती करा. हे रंग पावसाचे मोजमाप नसून धोक्याचे आहेत, हे ध्यानात घ्या. मोजमापाचे शब्द निराळे. एका दिवसात 64.5 मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, 115.6 पासून ‘अति मुसळधार’, 204.4 च्या वर ‘अत्यंत मुसळधार’. याशिवाय पुढच्या तीन तासांपुरता जिल्हावार इशाराही निघतो. वादळासाठी खरा कामाचा तोच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप काढले आहे, ते आपल्या 20 ते 40 किलोमीटर परिसरातली वीज दाखवते. फुकट आहे.

इतके सगळे आहे, तरी घरोघर काय होते? मुलगा फोन पाहून सांगतो, “अब्बा, आज ऑरेंज अलर्ट आहे.” अब्बा म्हणतात, “परवाही होता, काय झाले?” आणि बैल जुंपून निघतात. अब्बांचे म्हणणे खोटे नसते. परवा खरोखर काही झालेले नसते.

याचे उत्तर मला आज द्यायचे आहे, कारण माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. अमरावती जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 12,200 चौरस किलोमीटर. एक गर्जनमेघ समजा दहा किलोमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण 80 चौरस किलोमीटरचा. जिल्ह्याचे असे दीडशे तुकडे पडतात. एका दुपारी जिल्ह्यात असे दहा ढग फुटले, धारणीला फुटले, दर्यापूरला फुटले, तरी दीडशेपैकी एकशेचाळीस ठिकाणी चटचटीत ऊन असेल. खात्याचा इशारा पूर्ण खरा ठरला, आणि एकशेचाळीस गावांनी तो खोटा मानला. चूक खात्याची नाही आणि गावांचीही नाही. इशारा जिल्ह्याचा होता, आपण तो आपल्या अंगणाचा समजलो. ढग कोणत्या वावरावर उभा राहील ते सकाळी सांगता येत नाही. म्हणून रंगाचा अर्थ असा घ्यावा, की आज मान वर करून पाहत राहायचे. आणि पळायचे केव्हा, ते आपल्या डोक्यावरचा ढग सांगतो. फोन आणि डोळे दोन्ही लागतात.

पुराचा इशारा मात्र या हिशेबाने तोलू नका. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने, आपल्या वरुडच्या पलीकडचे, नरखेड तालुक्यातले मोवाड गाव उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली. पूर वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा येतो. आपल्या डोक्यावर ढग आहे की नाही हे तो विचारत नाही. तिथे डोळ्यांवर भिस्त ठेवू नये, निरोपावर ठेवावी.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला बरी वाटत नाही, म्हणूनच सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्चअखेर मैदानावर मुलांचे सामने चालले होते आणि मी पंच होतो. पश्चिमेला ढग वाढत होता. सातवीचा एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, त्याचा माथा चपटा झालाय.” दोनच दिवसांपूर्वी मी वर्गात ऐरण काढून दाखवली होती. मी म्हणालो, “बस खाली, सामना संपू दे.” ऊन पडलेले होते. शेवटची दोन षटके होती. पाहुणे बसले होते. वीस-एक मिनिटांनी गार वारा आला, धूळ उठली, मुले पळाली ती थेट मैदानाच्या कडेच्या झाडाखाली. मी ओरडून त्यांना इमारतीकडे हाकलले. शेवटचा मुलगा पायरी चढत होता तेव्हा त्या झाडावर वीज पडली. कुणाला काही झाले नाही, अल्लाहचे उपकार. सालीचा एक लांब पट्टा वरपासून खालपर्यंत उलला होता. तो मुलगा माझ्याकडे पाहत होता आणि काहीही म्हणाला नाही.

मी शिकवलेले त्याला समजले होते. मलाच समजले नव्हते. घरातल्या अब्बांना मी दोष देऊ शकत नाही तो यासाठी.

मोठ्या माणसाने लहानाच्या सांगण्यावरून काम थांबवायचे, हे आपल्याकडे अवघड आहे. शिवाय तकदीरचा प्रश्न काढला जातो. जे लिहिले आहे ते चुकत नाही, म्हणतात. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करू पाहणाऱ्याला हजरत पैगंबरांनी उंट आधी बांधायला सांगितले, ही हदीस आपण मुलांना पहिल्या इयत्तेपासून शिकवतो. आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात आणून देतो. थंडी-पावसाच्या रात्री मुअज्जिनाने अजान देताना लोकांना आपापल्या मुक्कामीच नमाज पढण्यास सांगावे, असे हदीसच्या संग्रहांत नोंदलेले आहे. चौदाशे वर्षांपूर्वी, सर्वांत लांब पोहोचणाऱ्या आवाजातून, हवामान पाहून लोकांना घरी थांबायला सांगणे. याला हवामानाचा इशारा नाही तर काय म्हणायचे? ज्या मशिदीच्या भोंग्यावरून हरवलेल्या मुलाची खबर दिली जाते, तिथून तीन तासांचा वादळी इशारा द्यायला काय हरकत आहे, याचा विश्वस्तांनी विचार करावा.

ईदगाहचाही विचार करावा. हिजरी वर्ष दर साल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. 2023 ची ईद-उल-फित्र 22 एप्रिलला होती, 2024 ची 11 एप्रिलला. ऐन अवकाळीच्या हंगामात. नमाज सकाळी असते आणि वादळे बहुधा दुपारनंतर उठतात, हा आपला दिलासा. पण मंडप रात्रभर उभा असतो. ईदच्या आदल्या दिवशी नारिंगी किंवा लाल रंग असेल, तर मंडपाचे दोर, विजेच्या तारा आणि कडेची वाळलेली झाडे कुणीतरी जबाबदार माणसाने पाहिली पाहिजेत. पाऊस असल्यास ईदची नमाज मशिदीत पढण्याची सवलत आहेच. लग्नाच्या शामियान्यांना तर हे दुप्पट लागू.

करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. वीज चमकली की मोजा. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर पडू शकते, मग डोक्यावर ऊन का असेना. अशा वेळी पक्क्या इमारतीत जा, ती नसेल तर बंद टपाच्या मोटारीत. झाडाखाली नको, टिनाच्या उघड्या शेडखाली नको, तारेच्या कुंपणाजवळ नको, विहिरीच्या मोटारपंपाला हात नको. वावरात अडकलात आणि आसराच नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे होऊ नका, कारण वीज जमिनीतूनही पसरते. बायका-मुले एकमेकांना चिकटून बसतात, ते टाळा, अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुष्कळ माणसे पाऊस थांबल्यावर गुरे पाहायला निघतात आणि तेव्हा जातात.

आणि कुणावर वीज पडली तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहत नाही. त्याला शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्याचा प्रकार काही गावांत अजून चालतो. त्यात जीव वाचवण्याची वेळ निघून जाते. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, भराभर दाबत राहा आणि 108 ला फोन करा. मेल्यासारखा दिसणारा माणूस यातून परत आलेला आहे.

एका गोष्टीची सूचना देऊन मी थांबतो. शाळेच्या फाटकाजवळ एक फळा लावला आहे. सोमवारपासून नववीच्या मुली रोज सकाळी त्यावर दोन ओळी लिहितील. पहिल्या ओळीत त्या दिवसाचा जिल्ह्याचा रंग. दुसऱ्या ओळीत आदल्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांनी स्वतः पाहिलेला ढग, त्याच्या नावासह. नाव चुकले तर चुकू द्या, पुसून पुन्हा लिहिता येते. मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांनी जाता जाता तो वाचावा, आणि ज्या दिवशी तो कोरा दिसेल त्या दिवशी मला येऊन विचारावे.